सहा नंबरची पंधरा झाडं

"हात वर करा, मावशी," हरिओम म्हणाला आणि त्यानं आपल्या अंगातला काळा गाऊन काढून चतुराबाईच्या अंगावर चढवला.

पदवीदान आटोपून अर्धा तास झाला होता. सभागृहासमोरच्या हिरवळीवर जिकडेतिकडे हेच चाललं होतं. कुणी बापाच्या फेट्यावरच टोपी टेकवत होतं, कुणी गाऊनमध्ये अडकलेला आईचा पदर बाहेर ओढून देत होतं. हरिओमच्या आईवडिलांचे फोटो काढून झाले होते. ते आता कडुनिंबाखाली चुलतीसोबत भाकरीचं गाठोडं सोडून बसले होते.

"पाच वर्षांखाली बोललो होतो का न्हाई? डॉक्टर झालो की गाऊन तुमच्या अंगावर घालीन म्हणून."

"पाच न्हाई, चार," चतुराबाई म्हणाली. मोजण्यात तिची चूक होत नसे.

विद्यापीठाच्या शेतावर ती रोजंदारीनं जायची. हरिओमच्या संशोधनातल्या तुरीच्या शेंगा तीन हंगाम तिनं मोजून वहीत मांडल्या होत्या. दहा वाण, प्रत्येक वाणाचे तीन वाफे, वाफ्यात लेबल बांधलेली पाच झाडं. अक्षरं तिला कधी आली नाहीत, पण इंग्रजी आकडे त्यानं शिकवले. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, "झाडाला काहीच नसलं तर गोळा मांडायचा, मावशी. जागा मोकळी सोडायची न्हाई. आन् मनानं भरायची तर बिलकूल न्हाई."

गाऊन घोट्यापर्यंत आला. तिला तो बरोबर बसला. हरिओमनं वरून गळ्यात पाठीवर रुळणारं हूड घातलं, त्याची दोरी पुढच्या गुंडीत अडकवली आणि पाठीमागून आतला हिरवा रंग उलटून बाहेर काढला.

"हिरवा दिसला पायजे. हिरवा म्हणजे आपण, शेतीवाले."

"नवरीवानी नटवायलास का रं मला? अशी आमच्या पिंगळीत उतरले तर कुत्री लागतील मागं."

"लागू द्या की. डॉक्टरीणबाई म्हणून हाकला त्यांना." तो हसला. त्यानं जाडजूड प्रबंध तिच्या हातात दिला. काळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं. "हे धरून उभं राहा. ह्याच्यात तुमचं नाव छापलंय."

त्यानं पान काढून दाखवलं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. नखात काळी माती होती म्हणून बोट जरा वर उचलूनच फिरवलं.

"माझं नाव कशापायी?"

"मोजणीपायी. शेवटच्या पानांवर तुमचेच आकडे हायेत. बघा."

आकडे तिला लगेच ओळखू आले. एक नंबर, पंधरा घरं. दोन नंबर, पंधरा घरं. चार नंबरच्या एका झाडाच्या त्रेसष्ट शेंगा तिला चांगल्या आठवत होत्या, त्या तिथं होत्या. तिच्या तोंडावर हसू आलं. बोट खाली सरकत राहिलं आणि सहा नंबरवर थांबलं.

एकशे ऐंशी. एकशे ब्याण्णव. एकशे शहात्तर. पंधराही घरं भरलेली होती.

"हे कोणत्या सालचं?"

"शेवटच्या. पाऊस कमी झाला, त्या सालचं."

"त्या साली सहा नंबर रोह्यांच्या कळपानं खाल्ला होता की. तिन्ही वाफे. नुसते खुंट राहिले होते." तिनं वर बघितलं. "मी पंधरा गोळे मांडले होते."

हरिओमनं मागे वळून पाहिलं. दोन पावलांवर त्याच्या विभागातले लोक चहा पीत होते.

"हळू, मावशी."

"मांडले होते का न्हाई?"

"मांडले होते. पण तेवढ्यापायी अजून एक वर्ष गेलं असतं. मग आधीच्या सालावरून अंदाजानं बसवले." त्यानं गळ्यातल्या मेडलची फीत सारखी केली. "सहा नंबरच सगळ्यात सरस निघाला. हे त्याच्यावरच मिळालंय."

"आन् माझी वही?"

"ती कुणी बघत न्हाई, मावशी. हे बघतेत."

चतुराबाईनं पानं मागे उलटली. नाव छापलेलं पान तिला पुन्हा सापडलं नाही. सगळी पानं सारखीच दिसत होती.

"मावशी, इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. "जरा हसा की."

तिनं प्रबंध मिटून हरिओमच्या हातात दिला. गुंडीतली दोरी सोडली, हूड काढलं, गाऊन काढला. कॉलरच्या आत शिवलेला नंबर वर येईल अशी त्याची घडी घातली आणि ती प्रबंधावर ठेवली.

"अहो मावशी, फोटो राहिला ना!" हरिओम म्हणाला.

"जागा मोकळी सोडू नको," ती म्हणाली. "कुणाला बी उभं कर."

फाटकापाशी पोचल्यावर तिनं एकदाच मागे बघितलं. हरिओमनं कडुनिंबाखालून चुलतीला बोलावून घेतलं होतं. दोन्ही हातांनी प्रबंध छातीशी धरून ती फोटोवाल्याकडे बघत हसत होती. गाऊन तिलाही बरोबर बसला होता.