लाल गाडीची ट्रायल

शटर अजून पुरतं वर गेलं नव्हतं, तोच बाई वाकून दुकानात शिरल्या.

“रोज कामावर जायला गाडी बघतेय,” त्या म्हणाल्या. “जुनी चालेल, स्वस्तातली हवी. पण पळणारी हवी.”

सेल्समनच्या जिवात जीव आला. जुन्या गाड्यांच्या या दुकानात महिनाभर त्याच्या हातून एकही गाडी खपली नव्हती. काल दुकान बंद करताना मालकांनी सांगून टाकलं होतं की उद्या संध्याकाळपर्यंत ती लाल गाडी गेली नाही, तर परवापासून तू येऊ नकोस. ते आवाजही न चढवता म्हणाले, त्याचीच त्याला धास्ती बसली होती. ओरडणारा माणूस निदान नंतर निवळतो. बायकोला त्याने अजून काही कळू दिलं नव्हतं. तिचे दिवस भरत आले होते आणि घरात कमावणारा तो एकटाच.

लाल गाडी दिसायला झकास होती. पळायचीही झकास. फक्त तिचं तोंड एकदा ट्रकवर आपटून चेंदामेंदा झालं होतं आणि मालकांनी ते ठोकूनठाकून, वर रंग फासून सरळ करून घेतलं होतं. गिऱ्हाइकापुढे हा विषय काढायचा नाही, अशी दुकानात सक्त ताकीद होती.

बाई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. कारखाना शहराबाहेर, टेकडीपलीकडे. कंपनीने या बाजूची बस बंद केली होती. भोंगा झाला की गेट बंद, मग आलेल्याला आत घेत नाहीत. बाईंना उशिराची जेवढी माफी मिळायची तेवढी मिळून संपली होती. आणखी एकदा गेट चुकलं की कायमचं घरी बसायचं. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावरच. हे त्यांनी एका दमात सांगितलं. थापा मारणारी माणसं सेल्समनला लगेच ओळखू यायची, स्वतःचा धंदाच तो. या बाईंच्या बोलण्यात एकही थाप नव्हती.

त्याने लाल गाडी दाखवून हप्त्यांचं काढलं, तर त्या म्हणाल्या, “पैशांचं नंतर. आधी माझ्याच रस्त्याने चालवून बघते. वेळेत पोचली तर उपयोग.”

त्याला ते पटलं. लायसन्स मागायच्या आधीच त्यांनी ते पुढे केलं. डबा आणि पिशवी मागे टाकली, सीट पुढे ओढली, आरसा वळवला, आणि शेजारी बसून तो पट्टा लावतोय तोवर गाडी रस्त्याला लागलीसुद्धा. एरवी गिऱ्हाइकं गाडीला प्रदक्षिणा घालतात, टायरला लाथ मारून बघतात, डिकीत डोकं खुपसतात आणि शेवटी विचार करून सांगतो म्हणतात. बाईंनी बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अशी गिऱ्हाइकं रोज मिळोत, असं त्याच्या मनात आलं.

बाई सुसाट निघाल्या. पुलाखालून, गोदामांच्या मागच्या बोळातून, एकेक सिग्नल चुकवत. नजर पुन्हापुन्हा घड्याळाकडे जात होती. टेकडीच्या चढावर गाडी डावीकडे ओढू लागली, तेव्हा त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरलं. बोटं पांढरी पडली होती.

सेल्समन त्या बोटांकडे बघत राहिला. रोज याच चढावर, अशाच घाईत, या गाडीत ही बाई असणार. गप्प बस, तो स्वतःला बजावत होता. संध्याकाळी घरी काय तोंड दाखवशील? पण त्याला गप्प बसवेना.

“ताई, ही घेऊ नका,” तो शेवटी म्हणाला. “समोरून ठोकलेली आहे. म्हणून ओढतेय.”

बाईंचा ॲक्सिलरेटरवरचा पाय हलला नाही.

“खरं सांगणारे तुम्ही पहिलेच,” त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, “आजच्या दिवस पोचेल ना पण?”

“पोचेल. जपून घ्या.”

एकदा जीभ सुटल्यावर त्याने सगळंच सांगून टाकलं. मालकांची तंबी, बायको, आजची संध्याकाळ. दुकानात एक करडी गाडी होती. दिसायला अगदीच बापडी, पण एका म्हाताऱ्या मास्तरांनी पोटच्या पोरासारखी जपलेली. ती घ्या म्हणाला. स्वतःचं कमिशन सोडून देईन, मालकांचे पाय धरीन, पण ती तुम्हाला परवडेल अशी करून देईन. मालकांनी लाल म्हटलं असलं तरी त्यांना काय, कोणतीही का होईना, गाडी गेल्याशी मतलब.

बाईंचे डोळे भरून आले. “असं नका हो करू माझ्यासाठी,” एवढंच त्या म्हणाल्या.

भोंगा व्हायच्या आत गाडी कारखान्याच्या गेटपाशी उभी राहिली. वॉचमनने बाईंना हात केला, मग लाल गाडीकडे पाहून हसला. बाईंनी डबा आणि पिशवी उचलली, हजेरी लावून येते म्हणाल्या आणि धावत सुटल्या. आत शिरताना वळून त्यांनी त्याला हात जोडले. लगेच भोंगा झाला. गेट सरकत बंद झालं.

सेल्समन सरकून स्टिअरिंगमागे बसला. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. मालक आधी चिडतील, मग करड्या गाडीचे पैसे बघून गप्प बसतील. आज घरी गेल्यावर बायकोला सगळं हसत सांगता येईल. बाई यायच्या आत मालकांशी बोलून ठेवावं म्हणून त्याने फोन काढला.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. वॉचमन वाकून उभा होता.

“साहेब, उगाच खोळंबून राहू नका,” तो म्हणाला. “कालचे ते निळ्या गाडीवाले दुपारपर्यंत बसले होते.”