कुमसार

मरायला टेकलेला पास्कल फादरपुढे कुमसार करत होता आणि त्याची बायको कार्मेलीन दाराआडून ऐकत होती. शेजाऱ्याचा बांध कोरला, खोटी साक्ष दिली, सगळी पापं त्यानं भडाभडा कबूल केली. तिच्या पोटात लाथ घालून मूल पाडलं होतं, ते तेवढं गाळलं.

फादर चपला घालायला अंगणात गेले, तशी ती आत आली.

“आपल्या पोराचं सांगितलं नाहीत?”

“ते नको. फादर काय म्हणतील मला?”

मुद्दाम लपवलेलं एक पाप अख्खा कुमसार फुकट घालवतं आणि माणूस थेट नरकात जातो, हे ती तीस वर्षं चर्चमध्ये पोरांना शिकवत आली होती.

“बरं, नका सांगू,” त्याचं तोंड मायेनं पुसत ती म्हणाली आणि फादरना फाटकापर्यंत पोचवून आली.