नंबर तोच ठेव

“नंबर तोच ठेव, पुढं ‘न्यू’ लाव. गाडी उभी आहे बाहेर,” मधुसूदन सर म्हणाले.

वर्षालीनं कीबोर्डवरचे हात उचलले. ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटचं भोक एका मिलीमीटरनं वाढलं होतं. चाकणच्या या छोट्या कंपनीत अशा बदलाला आजवर जुन्याच पार्ट नंबरापुढं ‘न्यू’ लागत आला होता. त्यात पुन्हा बदल झाला की ‘न्यू न्यू’. स्टोअरमधल्या एका खणावर तर खडूनं ‘खरा न्यू’ असंही लिहिलेलं होतं. मागच्या खेपेला जुने आणि न्यू एकाच क्रेटमधून गेले आणि सगळा माल परत आला. गिऱ्हाइकानं गाड्यांत बसवायच्या आधी आला, एवढंच नशीब.

त्यानंतर सरांनीच तिला नंबरांची नवी पद्धत बसवायला सांगितली. तिनं नेटवरचं, कुणीही वापरावं असं खुलं सॉफ्टवेअर घेतलं, आतला कोड ओळ न् ओळ वाचला आणि त्यात एक नियम पक्का बांधला. पार्ट बदलला की नंबर बदलायचा. जुना नंबर पुन्हा कुणाला नाही.

“सिस्टीम तो नंबर घेणार नाही, सर.”

“अगं, कोड उघडाच आहे ना? टाक एखादी पळवाट. आजच्यापुरती.”

“आज टाकली की उद्या सोपानराव मागतील.”

“मला कशाला ओढता मधे, ताई?” स्टोअरचे सोपानराव दारातूनच हसले. “मी आपला खडूवाला माणूस. पण नवा नंबर म्हणजे गिऱ्हाइकाची परत मंजुरी. आजची गाडी रिकामी जाणार बघा.”

टेबलावरचा फोन थरथरला. पुनावळ्याचं पाळणाघर. सगळी मुलं गेली, तुमचीच राहिली, म्हणे. वर्षालीनं घड्याळाकडे पाहिलं. पळवाट टाकायला कितीसा वेळ लागतो? मग बसही मिळेल. पण लेकीच्या तापाच्या औषधाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्यासुद्धा ती घरात एका फळीवर ठेवत नसे.

“तिला काहीतरी खायला द्या. उशीर होईल मला,” ती फोनवर म्हणाली.

मग उठून तिनं नमुन्याचे दोन्ही ब्रॅकेट, जुना आणि नवा, सरांच्या हातांत दिले.

सरांनी ते उलटसुलट केले. उजेडाकडे धरले. अंगठा भोकातून फिरवला, हात बदलले, पुन्हा फिरवला.

“यातला नवा कुठला?”

“तुम्ही सांगा, सर.”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सोपानरावांनी हात पुढे केला. “द्या इकडं, नवा असेल तो टाकतो क्रेटमध्ये.”

“गाडीला जायला सांगा,” सर म्हणाले. सोपानरावांचा हात तसाच पुढे होता, पण सरांच्या मुठी काही उघडेनात.