दोन्ही हात मोकळे

"ही नको. ही हातात धरावी लागते," म्हणत रुक्मिणीबाईंनी वायरची बास्केट बाजूला सारली.

मुलुंडच्या स्टेशन रोडवरच्या त्या दुकानात पिशव्यांचा ढीग पडला होता. रेक्झिनची एअरबॅग पाहून झाली, नायलॉनची जाळी पाहून झाली. माणिक आणि नंदू या दोन पोरांना धरून उभ्या असलेल्या मालनला आता सासूची लाज वाटायला लागली होती.

"आजी, पिशवी पिकनिकला पाहिजे की गावाला न्यायला?" दुकानदार चंद्रप्रकाशनं शेवटी विचारलंच.

"सगळ्याला. हिचा नवरा, माझा लवू, बोटीवर; वर्षातून एकदा उगवतो. बाजार असो, डॉक्टर असो, ही पोरांना घेऊन एकटी निघाली तरी दोन्ही हात मोकळे राहायला हवेत."

"एकटी कशाला? तुम्ही असताच की बरोबर," मालन म्हणाली.

"मी काय तुला जन्माला पुरणार आहे?"

हे वाक्य त्या अलीकडे सारखं म्हणायला लागल्या होत्या, आणि दर वेळी मालन घाबरायची.

चंद्रप्रकाशनं माळ्यावरून एक खाकी पाठपिशवी काढली. रुंद पट्टे, बाहेर पाण्याच्या बाटलीचा खिसा, ओले कपडे टाकायला आतून रेक्झिनचा कप्पा. रुक्मिणीबाईंनी घरून आणलेला डबा, टॉवेल, बाटली, पोरांचे कपडे तिथेच आत भरले आणि पिशवी मालनच्या पाठीवर चढवली.

"चाल. आता वाक. नंदूला उचल."

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मालननं निमूटपणे नंदूला उचललं.

"बांधा हीच," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

मालन घाबरली होती त्याला कारण होतं. गेले काही महिने दर बुधवारी दुपारी रुक्मिणीबाई इस्त्रीचं पातळ नेसून एकट्याच बाहेर पडायच्या. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, काम होत नाही, हे त्यांनीच लग्नानंतर मालनला शिकवलं होतं. त्यामुळे मालननं कधी विचारलं नाही. संध्याकाळी त्या थकून परत यायच्या आणि भूक नाही म्हणून दोन घास खाऊन उठायच्या.

मग एक दिवस त्यांनी कपाट उघडलं. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी सासरे गेले, तेव्हापासून त्या नेसत होत्या ती सगळी तपकिरी, राखाडी लुगडी काढून त्यांनी शेजारच्या द्रौपदीला देऊन टाकली. "मला आता काय करायचीत?" एवढंच म्हणाल्या.

आणि गेल्या आठवड्यात त्या स्टुडिओत जाऊन एकटीचा फोटो काढून आल्या.

ते ऐकून द्रौपदीनं मालनला जिन्यात गाठलं. "माझ्या आत्येनंपण असंच केलेलं गं. वस्तू वाटल्या, फोटो काढून ठेवला. भिंतीवर लावायला मागच्यांची धावपळ नको म्हणून. महिन्याभरात गेली."

त्या रात्री मालनचा डोळा लागला नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. या घरात आल्यावर तिला पुन्हा आई मिळाली. तोंडानं तिखट, पण आई. ती गेली तर काय करायचं, हे मालनला सुचतच नव्हतं.

रविवारी रुक्मिणीबाईंनी फर्मान काढलं. "पोरांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फिरवून आण. मी येत नाही. तू एकटीच जा."

मालन गेली. बसमध्ये चढताना एक पोर कडेवर, दुसरं हाताशी आणि सगळा संसार पाठीवर. काही अडलं नाही. नंदू चिखलात बसला, त्याचे ओले कपडे रेक्झिनच्या कप्प्यात गेले. संध्याकाळी तिघं मळकी आणि खूश होऊन घरी परतली.

रुक्मिणीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पोरांना चाचपून पाहिलं, पिशवी उतरवून घेतली आणि मटकन खाली बसल्या. "जमलं गो तुला! सुटले मी. आता माझ्या जीवाला घोर नाही."

मालनला राहवलं नाही. "आई, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

"माझा डॉक्टर कसला काढलास?" रुक्मिणीबाईंनी नजर चुकवली. "बुधवारी माझ्याबरोबर चल. तुझी सही लागणार आहे. लवूला पत्रानं कळवलंय मी, त्याची ना नाही."

ऑपरेशनच्या कागदावर घरच्यांची सही लागते, हे मालनला ठाऊक होतं. बुधवारी तिनं त्याच पिशवीत थर्मास, चादर, पेला आणि देवाचा अंगारा भरला.

"एवढं कशाला?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"असू दे. किती दिवस राहावं लागेल, काय सांगावं!"

रुक्मिणीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग चपला घालायला वळल्या.

पोरांना घेऊन दोघी बसमधून उतरल्या त्या एका सरकारी कचेरीसमोर. इस्पितळ नाही हे पाहून मालनला क्षणभर हायसं वाटलं. मग कळलं. खोली तिच्या नावावर करायची असणार. मृत्युपत्र. जिना चढताना तिचे डोळे भरून आले, पण पोरांचे हात सोडून ते पुसता येईनात.

वरच्या बाकावर रामचंद्र नावाचे, सासऱ्यांच्या गिरणीतले एक जुने गृहस्थ आणखी दोघांबरोबर बसले होते. तेही साक्षीलाच आले असतील, असं मालनला वाटलं. रुक्मिणीबाईंना पाहताच ते गडबडीनं उभे राहिले.

आतून बाहेर येत कारकुनानं विचारलं, "साक्षीदार आले का सगळे?"

"आले. ही माझी सून," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

कारकुनानं रामचंद्रांकडे पाहिलं, मग रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. "मग वधू कुठाय?"

"मीच," रुक्मिणीबाई म्हणाल्या.