ठिगळाचं सहावं रिव्हेट

"हे वाकडं रिव्हेट काढलंच पाहिजे का?" काकांनी विचारलं.

रिव्हेटवालीने छिन्नी खाली ठेवली. जुन्या लढाऊ गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? तिच्यापुढे चिलखती गाडी होती. चालकाला बाहेर बघायच्या फटीखाली, पुढच्या जाड पत्र्यावर, तळहाताएवढं लोखंडी ठिगळ होतं. पाच रिव्हेटांची डोकी गोल गरगरीत, सहाव्याचं एका अंगाला कललेलं.

"ऐका तुम्हीच," म्हणत तिने एकेकावर हातोडी टेकवली. पाच खणखणली. सहावं बद्द वाजलं. "ढिलं झालंय हो काका."

"मग काढा. पण नवं बसवताना आतून टेकूचा ठोकळा मी धरणार."

भट्टीपाशी तिचा नवरा हसला. "काका, तो ठोकळा धरून माझीच कंबर बोलायला लागते!"

काका आठवडाभर रोज येत होते. पहिल्या दिवशी ते फाटकाशीच थांबले होते. गाडीकडे लांबून एकटक बघत राहिले आणि मग म्हणाले, "हिच्यामुळे मी जिवंत आहे." तिने हात धरून त्यांना आत आणलं, खुर्ची दिली, चहा दिला. ते मोजकंच बोलत, शब्द निवडून निवडून. "मला कसलं अहो-जाहो करता?" असं ती लाडाने म्हणायची, पण त्यांचं 'तुम्ही' काही सुटलं नाही.

ही गाडी लढाईत तिचे बाबा चालवायचे. एके दुपारी हुकूम नसताना त्यांनी मोर्चा सोडला आणि गाडी मागे आणली. हुद्दा गेला. घरी आल्यावर लोकांनी 'पळपुटा' हे नाव चिकटवलं. आई ते ऐकत ऐकतच गेली. बाबांनी मात्र शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही. पुढे ही गाडी भंगारात दिसली, तेव्हा ती घेतल्याशिवाय रिव्हेटवाली हलली नाही. बाबा का परतले, एवढंच तिला हवं होतं. आता ते गाडीला विचारून कळणार होतं थोडंच!

पण काकांनी परवा सांगितलं. "मी रस्त्याकडेला पडलो होतो. मांडी फुटली होती. तुमच्या बाबांनी गाडी थांबवली, मला उचलून आत घातलं. काहीतरी बोलत होते, मला एक अक्षर कळलं नाही. पाणी पाजलं. या ठिगळाखालच्या भोकातून तोंडावर ऊन येत होतं, तेवढं आठवतं."

"कानठळ्या बसल्या असतील," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. बाबा पळाले नव्हते. आभार कसे मानावेत ते सुचेना, म्हणून तिने काकांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

ठिगळाचंही त्यांनीच सांगितलं. ते बरे झाल्यावर बाबांनी बाहेरून घाव घातले होते आणि आतून ठोकळा काकांनी धरला होता. सहाव्याला काकांचा हात हलला. बाबा चिडले नाहीत, नुसते हसले.

तिने वाकडं डोकं छिन्नीने उडवलं, दांडा ठोकून काढला. काका आत शिरताना दाराच्या चौकटीवर आपटले.

"विसरलात वाटतं या गाडीचं दार!" ती हसली. मग नवऱ्याला ओरडली, "लाल असताना उचलू नकोस, पिवळं होऊ दे!"

"लग्न झाल्यापासून रंगच शिकतोय मी," तो म्हणाला आणि धगधगतं रिव्हेट चिमट्याने घेऊन आत गेला. त्याने ते आतून भोकात सारलं. काकांनी ठोकळा टेकवला, त्यांच्या हातांवर त्याने आपले हात ठेवले. बाहेर आलेल्या पिवळ्या शेंड्यावर तिने दणादण घाव घातले, मग वाटीसारखा साचा ठेवून डोकं गोल केलं. आता ते गार होताना आखडणार आणि दोन्ही पत्रे घट्ट ओढून धरणार होतं. या वेळी काकांचा हात हलला नाही.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "तुमच्या बाबांचे आभार मानायला फार उशीर केला मी."

"आभार तर मी मानायचे, काका. तुम्ही माझे बाबा मला परत दिलेत." तिने पदराने डोळे पुसले. "पण एक कोडं सुटत नाही. जखमी सोबत्याला वाचवलं, एवढंच बोलले असते तर त्यांना पळपुटा म्हणायची कुणाची टाप होती? मग गप्प का राहिले?"

काकांनी ठिगळावर हात ठेवला. लोखंड अजून गरम होतं, तरी हात काढला नाही.

"ठिगळ आम्ही दोघांनी लावलं, पोरी," ते म्हणाले. "भोक मी एकट्याने पाडलं होतं."