आम्ही आणि आपुन

बोलून झालं आणि इंद्रजीतला हलकं वाटलं. 'मी' हा शब्द त्यानं एकदाही तोंडातून काढला नव्हता. "लढाई सुरू झाली तवा आम्ही पोरं गोळा केली. आम्ही त्याईले बर्फातून पायी पोलंडच्या सीमेवर नेलं." आम्ही, आम्ही. आर्णीच्या मंगल कार्यालयात टाळ्या थांबेनात. सत्कार त्याच्या एकट्याचा, तरी तो 'आम्ही' म्हणाला. श्रेय आणखी किती वाटायचं माणसानं?

"आता आपल्या सुखरूप आलेल्या लेकी या वीराले ओवाळतीन," सत्कार ठेवणारे विठ्ठलराव माइकवर म्हणाले.

तबक घेऊन पहिली रंजिता आली. युक्रेनच्या कॉलेजात दोघं एकाच वर्गात. पोरं तिनंच गोळा केली होती. वाटेत बर्फात बसकण मारून "मले आईकडं जायचं हाय" म्हणून रडणाऱ्या इंद्रजीतला दंडाला धरून उठवलं, तेही तिनंच. पण चार्जिंग उरलं होतं त्याच्या मोबाइलमध्ये. गावात पोचलेल्या प्रत्येक व्हिडिओत तोच दिसला.

तिनं टिळा लावला. तो हळूच म्हणाला, "एकट्यानं नाही घेतलं मी. 'आम्ही' म्हन्लं ना."

"मले समोर बसवून 'आम्ही' म्हन्ते का बे?" ती दिवा ओवाळत राहिली. "'आपुन' म्हन्ला असता तं मी बी आली असती त्याच्यात. हालू नको, टिळा वाकडा झाला."

त्याचे कान तापले. तिचं नाव घ्यायचं, एवढंच तर होतं. पण नाव घेतलं की तिनं काय केलं तेही सांगावं लागणार, आणि मग बर्फातलं ते रडणंही निघणार. समोर आई बसली होती, नवी साडी नेसून, येणाऱ्याजाणाऱ्याला "माह्यं पोरगं" म्हणून दाखवत.

त्यानं माइक ओढला.

"एक चुकलं माह्यं. हे आम्ही नाही केलं. हे आपुन केलं!"

अख्खं कार्यालय उठून उभं राहिलं. विठ्ठलरावांनी डोळे पुसत त्याला छातीशी धरलं. "पाहा! पोट्टं आपल्या सगळ्याईले वाटा देऊन राह्यलं!"

आता त्यात मंडपवाला आला, आचारी आला, विठ्ठलराव तर सगळ्यात आधी आले.

रंजितानं तबक खाली ठेवलं आणि सगळ्यांसोबत टाळ्या वाजवल्या.