कारवीचा मध, यंदाचा

पहिली बाटली उल्हासने भरली ती सिंगापूरला, तुआसच्या लॅबमध्ये, बाकीचे जेवायला गेले होते तेव्हा.

दुसऱ्यांच्या बाटल्यांचं खोटं पकडणं ही त्याची नोकरी. बाहेरून येणारा मध तो यंत्रात घाली आणि कागदावर लहानमोठी शिखरं उमटत. लेबलावर संत्र्याचं फूल आहे आणि मिथाइल अँथ्रानिलेटचं शिखर नाही, म्हणजे लेबल खोटं. फूल कुठलं ते कागद सांगे. आणखी काही विचारायची उल्हासला कधी गरज पडली नव्हती. "माणसाला विचारू नये, मधाला विचारावं," असं तो बायकोला म्हणे. शुभदा हसायची.

आता ती नोव्हेनाच्या हॉस्पिटलात होती. पोटाच्या कॅन्सरने अन्न तोडलं होतं. नर्सने ठेवलेलं पॉरिज तसंच परत जाई. अण्णांचा मध आला तर खाईन, एवढंच ती म्हणे. अण्णा म्हणजे तिचे वडील. महाबळेश्वरच्या खाली एका गावात मधाच्या पेट्या ठेवायचे. जानेवारीत ते गेले. तिचा धाकटा भाऊ शिरीष, त्याने फोनवर उल्हासला बजावलं, "लेकीचं तीन दिवसांचं सुतक राहिलं तर राहू दे, भावोजी. तिला कळलं तर उरलेला घासही टाकेल."

म्हणून ही बाटली. नमुना घरातच होता. २००१ साली लग्नात अण्णांनी दिलेल्या बरणीच्या तळाशी दोन बोटं मध उरला होता. वर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी, 'कारवी'. उल्हासने बेडोकच्या बाजारातून सात तऱ्हेचे मध आणले आणि थेंबाथेंबाने जुळवले. शिखरावर शिखर बसलं. चिठ्ठीही त्यानेच लिहिली आणि बाटली डब्याच्या पिशवीत घालून संध्याकाळी नोव्हेनाला नेली.

शुभदाने आधी चिठ्ठी वाचली. मग चमचा बराच वेळ तोंडात धरला.

"कशाचा म्हणालास?"

"कारवीचा. यंदाचा, ताजा. तुझ्यासाठी अण्णांनी मुद्दाम काढलाय."

"यंदाचा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "अण्णांना म्हणावं, छान उतरलाय."

पुढचे तीन दिवस तिने मधाला तोंड लावलं नाही. भिंतीकडे वळून पडून राहिली, कपाळाला टिकलीसुद्धा नाही. तिचा घासन् घास उल्हास एका वहीत मांडून ठेवत असे. तिथे तीन शून्यं पडली. चूक मिश्रणातच असणार, त्याने ठरवलं. एक बारकं शिखर नमुन्यापेक्षा केसभर उंच होतं. ते त्याने खाली आणलं. चौथ्या दिवशी तिने नर्सकडून अंघोळ करून घेतली, टिकली लावली आणि आपणहून चमचा मागितला. दुसरी बाटली जमली होती.

मग रोज दोन चमचे, कधी तीन. आणि रोज अण्णांची चौकशी: गुडघा कसा आहे, पेट्या किती राहिल्या. उत्तरं रचण्यात उल्हास मध जुळवण्याइतका तयार नव्हता. पण तिने त्याला कधी अडवलं नाही.

मे महिन्यात ती गेली.

शिरीष आला. बेडोकच्या फ्लॅटमध्ये उल्हासने त्याला ती पहिली बाटली दाखवली आणि अण्णांच्या मधाचा कागद व आपल्या मधाचा कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले.

"एवढं मात्र साधलं," तो म्हणाला. "अण्णा गेल्याचं तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

शिरीषने कागदांकडे पाहिलंच नाही. तो बाटलीवरची चिठ्ठी वाचत होता.

"'कारवी, यंदाचा'. हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"भावोजी, कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २००० साली फुलली होती. आता थेट २००८ला फुलेल. यंदा फूलच नाही. आमच्या घरातल्या पोरांना हे चालता यायच्या आधी कळतं."

उल्हासने वही उघडली. फेब्रुवारी. अकरा तारखेला पहिली बाटली, एक चमचा. बारा, शून्य. तेरा, शून्य. चौदा, शून्य.